वळणाची वाट : सह्याद्रीच्या घाटरस्त्यांची कथा

वैशाखाचा हा उकाडा आणखी महिनाभर सोसावयाचा आहे. मग मृगाचे मेघ कोकणातून वर चढतील, घाटमाथ्यावर धुके उतरेल, आणि शनिवार उजाडला की पुण्या-मुंबईच्या, नाशिक-कोल्हापूरच्या घराघरांतून एकच प्रश्न ऐकू येईल : “या रविवारी कोणत्या घाटाने जायचे?” प्रश्न साधा आहे, हौसेचा आहे, व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर आणण्याइतका तो भारदस्त नाही असेही कोणी म्हणेल. परंतु इतिहास हा नेहमी तख्त आणि तलवार यांच्याच सोबतीने चालतो असे नाही. पुष्कळदा तो रस्त्याच्या कडेने चालतो. ज्या वळणावर आपण मोटार थांबवून दरीकडे पाहतो आणि “वाहवा!” म्हणतो, ते वळण तिथेच का आहे, ते कोणी काढले, कोणासाठी काढले, आणि त्यासाठी कोणी काय किंमत दिली, असे विचारू लागलो की हौसेचा प्रश्न इतिहासाचा होतो. हाच प्रश्न आज आम्ही आपल्यापुढे मांडणार आहोत.

प्रथम वळणाचाच विचार करू. रस्ता वाकडा जातो तो कोणाच्या लहरीने नव्हे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून लाव्हाचे लोंढे बाहेर पडले, एकावर एक थर साचत गेले, आणि त्यातून दख्खनचे काळ्या पाषाणाचे पठार निर्माण झाले. या पठाराची पश्चिमेची कड म्हणजे आपला सह्याद्री. पूर्वेकडून पाहिले तर तो फारसा डोंगर वाटतच नाही. देशावरून जाणारा माणूस चालता चालता एकदम कड्यावर येऊन उभा राहतो, आणि पायाखाली कोकण पसरलेले दिसते. म्हणजे घाट चढणे हे डोंगर ओलांडणे नव्हे, तर एका विराट पायरीवर चढणे आहे. आता ही पायरी पाचशे मीटर उंचीची आहे असे धरा. बैलगाडीला किंवा मोटारीला सोसेल अशी चढण वीस मीटर अंतरास एक मीटर इतकी ठेवावयाची, तर पाचशे मीटर उंची गाठण्यास दहा किलोमीटर रस्ता लागतो. कड्याखालपासून माथ्यापर्यंतचे सरळ अंतर मात्र दोन-तीन किलोमीटरच असते. मग उरलेले सात-आठ किलोमीटर कुठे ठेवायचे? ते डोंगराच्या अंगावरच गुंडाळून ठेवावे लागतात. नागमोडी वळण म्हणजे दुसरे तिसरे काही नसून उंची आणि अंतर यांच्यामधली ही तडजोड होय. एक सोंड संपली की रस्ता वळून पुन्हा त्याच सोंडेवर परततो. ओढा आला की आत शिरतो, मोरीवरून पलीकडे जातो आणि पुन्हा बाहेर येतो. आतल्या बाजूस पाणी वाहून नेणारे गटार, बाहेरच्या बाजूस दगडी कठडा, आणि खाली रस्त्याला धरून ठेवणारी भिंत. आपणांस जे सौंदर्य वाटते ते मुळात हिशेब आहे. आणि हिशेब नीट जमला की तो सुंदर दिसतो, एवढाच याचा अर्थ.

हा हिशेब चाकासाठी आहे हे मात्र ध्यानात ठेवले पाहिजे. चाक घाटात आले ते फार उशिरा. त्यापूर्वी दोन हजार वर्षे घाट होतेच, परंतु ते पायाचे आणि खुराचे घाट होते. जुन्नरजवळचा नाणेघाट हे त्याचे उत्तम उदाहरण. कोकणातून चढणारी वाट जिथे माथ्याला लागते तिथे खडकात कोरलेले एक लेणे आहे. त्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपीतला प्रदीर्घ लेख आहे. कोणते यज्ञ केले, दक्षिणेत किती गाई, किती घोडे, किती नाणी दिली, याची ती यादी. भारतातील अंकलेखनाच्या अगदी जुन्या पुराव्यांत या लेखातील आकड्यांची गणना होते. भिंतीवर राजघराण्यातील व्यक्तींच्या मूर्ती होत्या. आज त्यांची नावे आणि पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. जवळच एक मोठा दगडी रांजण आहे, आणि जकातीची नाणी त्यात पडत असत असे परंपरा सांगते. परंपरा खरी असो वा नसो, एक गोष्ट उघड आहे : राजघराण्याने आपली ओळख राजवाड्याच्या दारावर न कोरता घाटाच्या माथ्यावर कोरली. का? तर सारे जग तिथून जात होते म्हणून. पेरिप्लस या नावाने प्रसिद्ध असलेल्या ग्रीक प्रवासवृत्तात कल्याण, सोपारे, चौल या आपल्या बंदरांची नावे येतात, आणि पैठण व तेर या देशावरच्या पेठांचीही येतात. या दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे घाट.

आणि इथेच, श्रोतेहो, रविवारच्या प्रश्नाचे एक उत्तर आपल्या हाती लागते. वळणाचा रमणीय रस्ता शोधावयाचा असेल तर नकाशा उघडावा आणि प्रथम खाडीच्या मुखाशी असलेले जुने बंदर शोधावे. मग तितक्याच जुन्या पेठेचे देशावरचे गाव शोधावे. दोहोंना जोडणारी रेघ सह्याद्रीला जिथे छेदते त्याच्या आसपास घाट असावयाचाच. कल्याण आणि जुन्नर यांच्यामध्ये नाणेघाट. मोटारीचा रस्ता त्याच्या शेजारच्या माळशेजने गेला. चौल आणि देश यांच्यामध्ये बोरघाट. महाड आणि भोर यांच्यामध्ये वरंधा. चिपळूण आणि कऱ्हाड यांच्यामध्ये कुंभार्ली. रत्नागिरी आणि कोल्हापूर यांच्यामध्ये आंबा, राजापूर आणि कोल्हापूर यांच्यामध्ये अणस्कुरा, वेंगुर्ले आणि बेळगाव यांच्यामध्ये आंबोली. खात्री करून घ्यावयाची असेल तर आणखी दोन खुणा आहेत. वाटेच्या माथ्याजवळ लेणी दिसतात, कारण व्यापाऱ्यांचे तांडे जिथे विसावत तिथे भिक्षूंना दान मिळे. कार्ले, भाजे आणि बेडसे ही तिन्ही बोरघाटाच्या वरच्या अंगास आहेत. आणि वाटेच्या दोन्ही हातांना किल्ले दिसतात, कारण वाट ज्याच्या हाती त्याच्या हाती जकात आणि रक्षण. नाणेघाटाभोवती जीवधन, चावंड, हडसर आणि शिवनेरी, बोरघाटाभोवती राजमाची, लोहगड आणि विसापूर, पारघाटावर प्रतापगड. बंदर, पेठ, लेणे आणि किल्ला या चार खुणा जुळल्या की तिथला रस्ता नुसता वळणांचा नसतो, त्या प्रत्येक वळणाला काही सांगावयाचेही असते.

या वाटांवरून काय जात असे? खालून मीठ, मासळी, नारळ. वरून धान्य, गूळ, कापूस. लमाणांचे बैलांचे तांडे पाठीवर गोण्या लादून चढत आणि उतरत. माणसे पायी जात, ऐपत असलेली पालखीत बसत. बैलाच्या खुराला रुंद रस्ता लागत नाही. त्याला टप्प्याटप्प्याने पाऊल ठेवण्यास जागा पुरते. म्हणून जुन्या वाटा आजच्या मोटाररस्त्यापेक्षा पुष्कळच उभ्या आहेत. महाबळेश्वरहून जावळीच्या खोऱ्यात उतरणाऱ्या एका वाटेचे नाव लोकांनी ‘रडतोंडीचा घाट’ असे ठेवले. त्या नावावर अधिक टीका करण्याची गरज नाही.

परंतु वाट अवघड असणे ही राज्यकर्त्यांना नेहमीच अडचण वाटे असे नाही. १६५९ साली अफझलखानाची फौज वाईहून याच रडतोंडीच्या घाटाने जावळीत उतरली असे मानले जाते. हत्ती, घोडे, तोफा आणि थाटमाट घेऊन उतरलेल्या त्या फौजेला परत फिरण्यास वाट राहिली नाही. १६६१ च्या फेब्रुवारीत कारतलबखान लोणावळ्याच्या बाजूने कोकणात उतरू लागला, तेव्हा खोपोलीच्या दक्षिणेस उंबरखिंडीत शिवाजीमहाराजांनी त्याला असा गाठला की पुढेही जाता येईना आणि मागेही फिरता येईना. सोबतच्या रायबागनने शरण जाण्याचा सल्ला दिला आणि तो त्याला मानावा लागला. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडाच्या वाटा सुगम असू नयेत, झाडी वाढवून त्या दुर्गम कराव्यात असा उपदेश आहे. तो गडापुरता असला तरी त्यामागची दृष्टी सबंध सह्याद्रीला लागू पडते. १७७८ च्या अखेरीस मुंबईकर इंग्रजांची फौज राघोबादादांना घेऊन बोरघाट चढली. तोफा, सामान आणि हजारो बैल यांचे लटांबर घेऊन ती इतक्या सावकाश पुढे सरकली की मराठ्यांना तयारीस वेळ मिळाला, आणि १७७९ च्या जानेवारीत वडगाव येथे इंग्रजांना तह करावा लागला. या विजयाचे श्रेय महादजी शिंदे आणि नाना फडणीस यांना द्यावेच. पण त्यातला थोडा वाटा बोरघाटाच्या चढणीलाही दिला पाहिजे.

इंग्रज हा धडा विसरले नाहीत. पुण्याचा दरबार हाती येताच त्यांनी जे पहिले काम केले त्यांत घाटाचे काम होते. १८०४ साली जनरल वेलस्लीने, म्हणजे पुढे वॉटर्लूच्या लढाईने प्रसिद्धीस आलेल्या ड्यूक ऑफ वेलिंग्टनने, बोरघाटाच्या माथ्यापासून पुण्यापर्यंत रस्ता करविला. हेतू उघडच लष्करी होता. पेशवाई संपल्यानंतर, १८३० साली, गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या कारकीर्दीत बोरघाटातून चाकाच्या गाड्या जाण्याजोगा रस्ता खुला झाला. मुंबई आणि पुणे ही शहरे त्या दिवशी खऱ्या अर्थाने शेजारी झाली. याच माल्कमच्या काळात महाबळेश्वर हे थंड हवेचे ठाणे म्हणून वसविले गेले. तिथल्या पेठेला त्याचे नाव मिळाले. पुढे महाबळेश्वर आणि पोलादपूर यांना जोडणारा आंबेनळीचा रस्ता झाला, त्याला गव्हर्नर फिट्झजेराल्ड याचे नाव देण्यात आले. बेळगावची छावणी आणि वेंगुर्ल्याचे बंदर यांच्यामध्ये जुना राम घाट होता. त्याची जागा आंबोलीच्या गाडीरस्त्याने घेतली. तोफा, टपाल, कापूस आणि साहेबांची थंड हवा, या चार गोष्टींनी आपल्या घाटांना आजचे वळण दिले. यात आपली हौस कुठेच नव्हती.

आणि आता किंमतीचा हिशेब. बोरघाटातून आगगाडी नेण्याचे काम १८५६ साली सुरू झाले आणि १८६३ च्या एप्रिलात पुरे झाले. मुख्य इंजिनिअर जेम्स बर्कली. सुमारे १८०० फुटांची चढण, पंचवीस बोगदे, आठ मोठे पूल. ऐन भरात असताना चाळीस हजारांवर माणसे या कामावर राबत होती. कड्यावरून दोराने लोंबकळत सुरुंगाची भोके पाडावयाची, पावसाळ्यात वाहून गेलेले काम पुन्हा उभारावयाचे, आणि डोंगरातल्या वस्तीत पटकी आली की मुकाट्याने मरावयाचे. मृत्यूंची मोजदाद नीट कोणी ठेवली नाही. हजारोंनी माणसे गेली एवढे निश्चित. १८५९ च्या आरंभी मजुरी थकल्यामुळे मजुरांनी दंगा केला, तेव्हा कुठे त्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी झाली आणि पहिल्या ठेकेदाराच्या हातून काम गेले. त्याच्या जागी सॉलोमन ट्रेडवेल हा इंग्रज ठेकेदार आला, आणि थोड्याच दिवसांत आजाराने मरण पावला. त्याची पत्नी ॲलिस हिने माघार घेतली नाही. तिने ठेका आपल्या अंगावर घेतला आणि काम तडीस नेले. ॲलिस ट्रेडवेलचे नाव इतिहासात राहिले ही चांगलीच गोष्ट झाली. परंतु तिच्या हाताखाली राबलेल्या वडार, बेलदार, पाथरवट, महार, कुणबी बायाबापड्यांपैकी एकाचेही नाव कोणत्या शिळेवर नाही. घाटांना नावे गव्हर्नरांची मिळाली; घाट मात्र या लोकांनी फोडले.

लोकांनी आपल्यापरीने याची भरपाई केली आहे. बोरघाटाच्या जुन्या रस्त्यावर शिंगरोबाचे देऊळ आहे. साहेबाला घाटातून वाट सापडेना, तेव्हा शिंगरोबा नावाच्या धनगराने ती दाखविली, आणि बक्षीस म्हणून साहेबाने त्याला गोळी घातली, अशी कथा सांगतात. ही दंतकथा आहे. बोरघाटाची वाट इंग्रजांच्या कितीतरी शतके आधीपासून वाहती होती हे आपण पाहिलेच. तरीही ही कथा आम्हांस खोटी म्हणवत नाही. वाट माहीत असणारा एक, ती वापरणारा दुसरा, आणि नाव लागते ते तिसऱ्याचेच, हे सत्य कागदपत्रांनी सांगितले नाही ते त्या कथेने सांगितले आहे. मोटारवाले, मालमोटारीवाले तिथून जाताना आजही नाणे टाकतात. नाणेघाटच्या रांजणात राजाची जकात पडत असे. इथे वाटाड्याची पडते. आमच्या मते ही दुसरी जकात अधिक न्याय्य आहे.

आता हौसेकडे येऊ. रविवारी फिरावयास जाण्यासाठी दोन गोष्टी लागतात, एक रस्ता आणि दुसरा रविवार. पहिली गोष्ट कशी आली ते आपण पाहिले. दुसरीचाही इतिहास आहे, आणि तोही कष्टकऱ्यांचाच आहे. मुंबईच्या गिरण्यांतील कामगारांना आठवड्याची सुटी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी त्यासाठी वर्षानुवर्षे अर्ज, सभा आणि लेखन चालविले. १८९० च्या एप्रिलात महालक्ष्मीच्या मैदानावर कामगारांची प्रचंड सभा झाली, तीत कामगार स्त्रियांनीही भाषणे केली. आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. पुढे १८९१ च्या कारखाना कायद्याने आठवड्याच्या सुटीला मान्यता दिली. ज्या कामगारांनी हा वार मिळविला त्यांच्यापैकी कोणी त्या दिवशी मोटारीतून घाटात गेला असेल हे संभवतच नाही, कारण तोवर मुंबईत मोटारच आली नव्हती. ती आली शतकाच्या अखेरीस. १९१९ साली मुंबईत मोटारमालकांची संघटना स्थापन झाली, आणि मोटारीतून खंडाळा-महाबळेश्वरास जाणे हा श्रीमंतांचा छंद झाला. सामान्य माणसाला घाटाचे दर्शन घडविले ते एस. टी. ने. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर अशी राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली, आणि बघता बघता लाल गाडी प्रत्येक घाटात पोहोचली. खिडकीची जागा मिळावी म्हणून रुमाल टाकणे, वळणावर “पलीकडे बघ” म्हणून मुलांना उठविणे, आणि मळमळू लागले की आवळासुपारी तोंडात धरणे, ही आपल्या मध्यमवर्गाची घाटयात्रा. स्वतःची मोटार दारी येण्यापूर्वी दोन पिढ्यांनी घाट पाहिला तो या खिडकीतून.

तेव्हा रविवारच्या या प्रवासात दोन वारसे एकत्र येतात. एक घाट फोडणाऱ्यांचा आणि एक रविवार मिळविणाऱ्यांचा. दोन्ही आपणांस फुकट मिळाले आहेत, आणि फुकट मिळालेल्या वस्तूची किंमत विसरण्याचा माणसाचा स्वभावच आहे. पुण्याहून ताम्हिणी घाटाकडे जाताना मुळशीचा विस्तीर्ण जलाशय लागतो. पावसाळ्यात त्याच्या काठाने जाणारा रस्ता फार देखणा दिसतो. त्या पाण्याखाली मुळशी पेट्यातील गावे आणि भातखाचरे आहेत. मुंबईला वीज देण्यासाठी हे धरण बांधले जाऊ लागले तेव्हा १९२१ साली मावळ्यांनी सत्याग्रह केला. पांडुरंग महादेव बापट हे याच लढ्यातून ‘सेनापती’ झाले. धरणग्रस्तांनी दिलेल्या जगातील अगदी पहिल्या लढ्यांत त्याची गणना करावी लागेल. लढा हरला, पाणी चढले, आणि ते पाणी आज आपल्या छायाचित्रांची पार्श्वभूमी झाले आहे. छायाचित्र काढू नये असे आमचे म्हणणे नाही. काढताना एवढे ठाऊक असावे, इतकेच.

घाट ही निर्जीव वस्तू नाही हेही ठाऊक असावे. पाषाणाच्या वरचा मातीचा थर पावसाने फुगतो, मुळांचा आधार सुटला की सरकतो. २२ जुलै २०२१ रोजी महाडजवळ तळिये गावावर दरड कोसळली आणि वस्तीच्या वस्ती गाडली गेली. त्याच पावसात वरंधा आणि आंबेनळी हे दोन्ही घाट जागोजागी खचले. २८ जुलै २०१८ रोजी, शनिवारी सकाळी, सहलीस निघालेली एक बस आंबेनळी घाटातून दरीत कोसळली. तीतील एकच जण वाचला. घाटाचे जुने नियम काही उगाच झाले नाहीत. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यावी, कारण चढावर थांबलेली गाडी पुन्हा निघणे कठीण. उतरताना ज्या गियरमध्ये चढलो त्याच गियरमध्ये उतरावे, कारण नुसत्या ब्रेकवर सारा भार टाकला की ते तापून निकामी होतात. वळणावर पुढच्याला मागे टाकू नये, कारण वळणापलीकडचे दिसत नाही. हे नियम म्हणजे ज्यांनी घाट काढले आणि ज्यांनी त्यांत जीव गमावले त्यांनी आपल्यासाठी ठेवलेली शिकवण आहे.

शेवटी आजच्या घडीचा प्रश्न, ज्यासाठी हा सारा इतिहास सांगितला. घाटाचा उपयोग आता बदलत आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्ण झाला. २०२५ च्या जूनमध्ये समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा खुला झाला, आणि इगतपुरीजवळच्या सुमारे आठ किलोमीटर लांबीच्या बोगद्यांतून मोटारी कसाऱ्याचा घाट न चढताच देशावर पोहोचू लागल्या. बोरघाटातील वळणे टाळण्यासाठीही बोगदे आणि उंच पूल यांचे काम हाती घेण्यात आले. हे योग्यच आहे. रुग्णाला, मालाला, घाईच्या माणसाला सरळ रस्ता मिळालाच पाहिजे. घाटात तासन्‌तास अडकून पडण्यात काव्य नाही. परंतु दोन हजार वर्षांत प्रथमच असे घडत आहे की घाट हा केवळ हौसेसाठी उरेल. ज्या रस्त्याने माल जात नाही, ज्यावरून राज्यकर्ते जात नाहीत, त्याची मोरी कोण साफ करणार? त्याचा कठडा कोण बांधणार? १८३० साली बांधलेला बोरघाटातील पूल, ज्याला वेदनाशामक मलमाच्या जाहिरातीवरून लोक अमृतांजन पूल म्हणत, तो वाहतुकीस अडथळा ठरला म्हणून एप्रिल २०२० मध्ये सुरुंग लावून पाडण्यात आला. वाहतुकीचे कारण खरे होते. पण पाडण्यापूर्वी किती जणांना ठाऊक होते की बोरघाटातून चाक प्रथम वर गेले त्या वर्षाचा तो साक्षीदार आहे? आपल्याला तो ठाऊक होता तो मलमाच्या नावाने. ज्याचे खरे नाव आपण विसरतो ते वाचविण्यासाठी कोणी उभे राहात नाही.

याउलट हौसेचा लोंढाही घाटाला कमी घातक नाही. धबधब्याखाली बाटल्या, वळणावर आडव्या लावलेल्या मोटारी, रस्ता रुंद करण्यासाठी आणि माथ्यावर बंगले उठविण्यासाठी कापलेल्या सोंडा. सोंड कापली की पुढच्या पावसात दरड ठरलेली. उपेक्षेने घाट मरेल, तसा लाडानेही मरेल. म्हणून आमची सूचना अशी आहे. ज्या घाटांतून जड वाहतूक निघून जाईल त्यांना टाकाऊ न समजता वारसा समजावे. प्रत्येक घाटाच्या पायथ्याशी आणि माथ्याशी एक साधी शिळा असावी : वाट किती जुनी, गाडीरस्ता कधी झाला, कोणी राबून केला. जुने पूल, मोऱ्या, मैलाचे दगड यांची नोंद व्हावी. हे काम शाळा-महाविद्यालयांचे विद्यार्थी सहज करू शकतील. आणि हौसेने जाणाऱ्यांकडून अल्पशी जकात घेऊन ती घाटातल्याच गावांच्या हाती, मोऱ्या आणि कठडे राखण्यासाठी द्यावी. जकात ही घाटाला नवी नाही.

हे सरकारने करावे तेव्हा करावे; आपल्या हातचे मात्र येत्या पावसाळ्यापासूनच करता येईल. घाट निवडताना नुसता कोणता अधिक हिरवा एवढेच पाहू नये. बंदर, पेठ, लेणे, किल्ला या चार खुणा लावून पाहाव्यात. मुलांना वळणे मोजावयास सांगावी, आणि हे वळण इथेच का, असे विचारावे. घाटातल्या गावात चहा घ्यावा, तिथल्या म्हाताऱ्यांना जुनी पायवाट कुठून जात असे ते विचारावे. पुष्कळांना अजून ठाऊक असते, आणि आणखी दहा-वीस वर्षांनी ते विचारण्यास कोणी उरणार नाही. सरळ रस्ता आपल्याला लवकर पोहोचवील, यात शंका नाही. पण आपण कोठून आलो आणि कोणाच्या खांद्यावरून आलो हे समजावयाचे असेल, तर अधूनमधून वळणाच्याच वाटेने गेले पाहिजे.